एका वाचकाचा थांबा

पाऊस आला म्हणून समाधान समोरच्या गाडीत चढला. कंपनीची बस याच जागी लागायची. आत मात्र सीटांऐवजी कपाटं होती, आणि कपाटांमधे स्टुलावर बसलेली एक मुलगी ओढणीचं भिजलेलं टोक पिळत होती.

“ही तळवड्याला जाते का?”

“ही चिंचवडला जाते. फिरतं वाचनालय आहे. तुम्ही वाचता का?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. “आजपासून…”

अशा रीतीनं चाकणच्या एका कारखान्याच्या गेटावर आणखी एक वाचक वाढला. गाडी दर गुरुवारी, पहिली शिफ्ट सुटताना यायची. आम्रपाली पुस्तकं द्यायची. दत्तोबा गाडी चालवायचे आणि उरलेल्या वेळात झोपायचे.

समाधानची अडचण एवढीच, की एक पुस्तक बदलायला फार थोडा वेळ लागतो. शिवाय मागं रांग असते. त्यानं उपाय काढला. शिफ्टमधल्या सगळ्या वाचकांची कार्डं गोळा केली. “तुम्ही कशाला भिजता राव? बसमधे जागा धरा, पुस्तकं मी बदलून आणतो.” हा युनियनच्या निवडणुकीला उभा राहणार, असं लोक धरून चालले.

आता गाडीत दोघंच असायची. आणि घोरणारे दत्तोबा.

“रणजीतभाऊंना काय देऊ?”

“भुताच्या गोष्टी.”

“मागच्या खेपेला त्यांच्यासाठी लोणच्यांचं पुस्तक नेलंत.”

“वहिनींना भुतं चालत नाहीत.”

“आणि तुम्हाला काय आवडतं?”

“मला… गुरुवार.”

ती मान खाली घालून शिक्का मारायची. तो एकाच पानावर दोनदा उमटायचा.

एका गुरुवारी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “ही गाडी बंद झाली तर काय कराल?”

त्याला बरंच बोलायचं होतं. पण नोकरी अजून कंत्राटी होती. दिवाळीत कायम झालो की बोलू, असं त्यानं ठरवलं होतं.

“झोप काढीन,” तो म्हणाला. “दत्तोबांसारखी.”

ती हसली. जरा उशिरा हसली.

पुढच्या गुरुवारी तिनं सगळी कार्डं घेतली आणि परत दिली नाहीत.

“आजची शेवटची फेरी. आता ॲपवरून मागवायचं. कुरिअरचा खर्च वाचकाचा.”

“म्हणजे पुस्तकापेक्षा पोचवणं महाग?”

“पत्रकात त्याला सेवाविस्तार म्हटलंय.”

“पण बंद का?”

“डिझेल परवडत नाही म्हणतात. समितीनं मोजणी केली, कुठल्या थांब्यावर किती वाचक चढतात याची. चाकणची फेरी या गेटाच्या गर्दीवर चालली होती.” ती थांबली. “इथं एकच जण चढतो.”

पाऊस टपावर वाजत राहिला.

“मी सांगतो त्यांना… पुस्तकं मोजा म्हणावं.”

“मी सांगितलं. उशीर झाला होता.”

“म्हणजे माझ्यामुळं…”

“नोकरी आहे तोवर घरचे थांबले होते. उदगीरचं स्थळ आहे. मागच्या गुरुवारी विचारलं, ते म्हणूनच. रविवारी होकार कळवला.”

तो रिकाम्या पिशवीच्या बंदाला गाठ मारत बसला. मग सोडत बसला.

“मोजणीचं मला आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली. “एकदा नुसतं म्हटलं असतं, सगळ्यांना आत पाठवा, तरी भागलं असतं.”

“मग… का नाही म्हणालात?”

“सगळे आत आले असते.”

बाहेर कंपनीची बस निघून गेली. दोघांनीही पाहिली नाही.

दत्तोबा जागे होते. किती वेळापासून, कोण जाणे. त्यांनी मागं न बघता विचारलं, “तळवड्यावरून घेऊ का?”

 समाधान कपाटाला टेकून खाली बसला. तिनं स्टूल थोडं अलीकडे ओढलं.

त्या दिवशी दत्तोबांनी गाडी दुसऱ्या गियरच्या वर टाकलीच नाही. त्यानं डिझेल जास्त जळतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.