रिकाम्या खाटांचा गट

इस्पितळात त्याला सगळे दरवान म्हणत. दारावर तो कधी उभा राहिला नव्हता. तळमजल्यावर बसून फायरवॉल सांभाळायचा, म्हणजे कुठल्या यंत्राने कुठल्या यंत्राशी बोलायचं ते ठरवायचा. एकेका यंत्राचा पत्ता हाताने लिहीत बसणं त्याला जमत नसे. त्याने अटी घालून ठेवल्या होत्या. पेशंट गेला की खाटेजवळच्या मॉनिटरला ‘रिकामी’ असा टॅग लागे. टॅग लागला की मॉनिटर आपोआप रिकाम्या खाटांच्या गटात जाई आणि सिस्टरच्या पडद्यावरून नाहीसा होई. आळशाला आणखी काय हवं, असं तो स्वतःच म्हणायचा.

एका दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

“दरवान, दारालगतचे आजोबा चांगले पेपर वाचत बसलेत, आणि माझ्या पडद्यावर खाट रिकामी!”

त्याने टॅग काढला. तो कोणी लावला, कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी आजोबा गेले आणि खाट खरंच रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात मधल्या खाटेवरच्या बाईंचंही तसंच झालं. योगायोग, असं तो म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून लॅपटॉप घेऊन वॉर्डातच बसू लागला. त्याच वॉर्डात, खिडकीजवळ, त्याची आई होती.

तिचा मॉनिटर गटात आला तेव्हा तो लॅपटॉप मांडीवर घेऊन तिच्या शेजारीच बसला होता.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीये? तू जेवलास का?”

त्याने टॅग काढला. टॅग परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. त्याने सिस्टरच्या हातापाया पडून आईला दुसऱ्या खाटेवर हलवलं, नवा मॉनिटर लावला. टॅग जुन्या मॉनिटरवरून उठून नव्यावर येऊन बसला. खिडकीतलं ऊन उतरू लागलं होतं. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी त्याने गटाची अटच पुसली. आईच्या मॉनिटरला ‘आई’ असा नवा टॅग दिला आणि लिहिलं: ज्या यंत्राला हा टॅग नाही, ते गटात. आई वगळली जावी, एवढंच त्या वेळी त्याच्या डोक्यात होतं.

लॅपटॉपच्या पडद्यावर आईचे ठोके परत उमटले. त्याच्या जिवात जीव आला. त्याने तिचा हात घट्ट धरला.

“किती शांत झालं रे,” आई म्हणाली.

दिवसभर खोकणारे समोरच्या खाटेवरचे काका आता खोकत नव्हते. समोर काकाच नव्हते. चादर नीट अंथरलेली होती. पलीकडेही तसंच.

“सिस्टर?” त्याने हाक मारली.

कोणी ओ दिली नाही.

त्याने गट उघडला. आईची सोडून सगळ्या खाटा आत होत्या. सिस्टरचा फोन आत होता. आपण काय लिहून बसलो, हे त्याला आत्ता कळलं. जुनी अट परत घालावी, तर ‘रिकामी’ टॅग अजून आईच्याच मॉनिटरवर होता.

त्याचा हात उचलेना.

गटाच्या तळाशी शेवटचा पत्ता त्याच्या लॅपटॉपचा होता.

आई त्याच्याकडेच बघत होती.

“अरे,” ती घाबरून म्हणाली, “तू कुठे गेलास?”

“इथेच आहे, आई. हात धरलाय तुझा.”

तिने तो हात सहज उचलला आणि उशाशी लोंबणारं बटण दाबलं. लांब, सिस्टरच्या टेबलावर, घंटी वाजत राहिली.