तिसरी माळ

"तुम्हीही हसणार असाल तर आत्ताच सांगा, मी परत जातो."

काउंटरवर दिव्यांची माळ ठेवत तो म्हणाला. काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक भांडायला येतात, घासाघीस करायला येतात. पण असं आधीच हिरमुसून आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होते.

"झालंय काय माळेला?"

"लुकलुकते. म्हणजे... सतत. माझं डोकं दुखतं. घरात दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. बहीण म्हणते, डोळे तपासून घे. आई म्हणते, लग्न कर."

मी हसू गिळलं. माळ लावली, दुकानातला दिवा मालवला आणि कानावरची पेन्सिल माळेसमोर भराभर हलवली. एकीच्या कितीतरी पेन्सिली दिसल्या, सुट्या सुट्या.

"बघा. प्रकाश सलग असता तर नुसता पट्टा दिसला असता. ही खरंच विझते-पेटते, सेकंदाला पन्नास वेळा. बहुतेकांना कळत नाही. तुम्हाला कळतं."

"म्हणजे मी वेडा नाही?"

"ते माळेवरून सांगता येत नाही."

तेव्हा तो हसला... आणि माझं बिनसलं ते तिथूनच.

मी चार डायोड घातले, म्हणजे विजेची वाया जाणारी अर्धी लाट कामी आली. मधल्या फटी भरून काढायला कपॅसिटर जोडला. पेन्सिलीचा पट्टा झाला. तो खूश होऊन गेला आणि मला दुकान उगाचच रिकामं वाटायला लागलं.

मग दुसरी माळ आली. काम अर्ध्या तासाचं. "चार दिवस लागतील," मी म्हटलं.

"घाई नाही. मी रोज चक्कर टाकतो."

आणि टाकायचा. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. इतरांना न दिसणाऱ्या चुका शोधणं हेच त्याचं काम. त्याला माझंही काय काय दिसायचं – भाजलेलं बोट, न उघडलेला डबा, जागरणाचे डोळे. आपल्याकडे कुणीतरी नीट पाहतंय, याची मला सवय होत होती. आणि धास्तीही वाटत होती. माळ हातात दिली की हा परत कशाला येईल?

"अगं, माळ दुरुस्त करतेयस की विणतेयस?" काका म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. मी उगाच त्यांच्यावर चिडले.

शेवटी द्यावीच लागली. तो "बरं... येतो" म्हणून गेला.

दोनच दिवसांत तिसरी माळ घेऊन हजर. "हीसुद्धा लुकलुकते. फारच."

मी माळ उचलली. टोकाला छोटी डबी, आत सेल. तरी पेन्सिल हलवून पाहिली. सरळ पट्टा.

"ही सेलवर चालते. सेलच्या विजेला लाटाच नसतात. ही लुकलुकणार कशी?"

त्याचे कान लाल झाले. "मी... घाईत घेतली."

"प्रुफं तपासणाऱ्या माणसाने एवढी चूक करावी?"

"मला यायला दुसरं कारण सुचलं नाही."

आत काका मुद्दाम खोकले. मी मान खाली घातली. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नव्हते.

"दुसरी माळ पहिल्याच दिवशी तयार झाली होती," मी म्हटलं.

"माहितेय. मागच्या फळीवर पेटलेली दिसायची."

"मग मागितली का नाही?"

"तुम्ही दिली असती ना."

मला तो आवडत होता. खूप आवडत होता.

"उद्या या," मी म्हटलं.

"काय घेऊन?"

"काही नको. रिकाम्या हातांनी या."

पेन्सिल कानावर ठेवायला गेले तर ती खालीच पडली. त्याने वाकून पेन्सिल उचलली आणि हलकेच माझ्या कानावर ठेवली.