लाल दिव्याचा पाढा

१९९६ साली बडोद्याच्या एका धर्मादाय इस्पितळात सीटी स्कॅनचं मशीन आलं. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पेशंट मात्र जुन्याच पद्धतीनं येत राहिले. आया ट्रॉली दाराशी लावायची, चिठ्ठी पेशंटच्या छातीवर ठेवायची आणि चहाला जायची. एकदा पंख्यानं दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि गुडघ्याच्या पेशंटचं डोकं तपासून झालं. डोकं निर्दोष निघालं, एवढंच समाधान.

तिथले थोरले तंत्रज्ञ भास्करराव यांनी मग नियम केला. आणणाऱ्यानं सगळं तोंडी सांगायचं आणि घेणाऱ्यानं ते मोठ्यानं पुन्हा म्हणायचं: नाव, वय, तक्रार, कुठलं औषध सोसत नाही, तपासणीनंतर परत कुठे न्यायचं. लोक त्याला पाढा म्हणू लागले.

"चालो, या वयात पाढे," मंदा आया म्हणाली. "चुकले तर छड्या कोण मारणार, काका?"

तिसऱ्या आठवड्यात एका म्हातारीच्या पाढ्यात भास्करराव म्हणाले, "औषधं सगळी सोसतात." दारावरचा लाल दिवा लागला. मशीन चालू असतानाच लागायचा तो. मशीन बंद होतं.

मंदा वॉर्डात जाऊन विचारून आली. मागे याच तपासणीच्या इंजेक्शनानं म्हातारी मरता मरता वाचली होती. भास्कररावांनी पाढा सुधारून म्हटला. दिवा विझला.

पुढे हे रोजचंच झालं. डाव्याचा उजवा पाय झाला, दिवा लागला. एका वकिलानं वयातली चार वर्षं चोरली, तीही सापडली. दिव्यात बिघाड असेल म्हणून वायरमन धनाजीरावांनी त्याची वायर दोन्हीकडून कापली. दुसऱ्या दिवशी चुकीच्या नावाला दिवा लागला. लोंबणारी वायर हातात धरून धनाजीरावांनी भास्कररावांना विचारलं,

"रिपोर्टात काय लिहू?"

"काम सुरू आहे, असं लिहा."

धनाजीरावांनी तसं लिहिलं, आणि त्यानंतर त्या दारातून जाताना ते चपला बाहेर काढू लागले. हळूहळू सगळेच काढू लागले.

बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या घरी भास्करराव हे सगळं बायकोला, कुसुमावतींना सांगत. "असा एक आपल्या स्वयंपाकघरात लावा," त्या म्हणत. "मीठ ठीक आहे म्हणता तेव्हा कळेल तरी."

मार्चमध्ये कुसुमावतींच्याच पोटात दुखू लागलं. पित्ताचे खडे असावेत, डॉक्टर म्हणाले. तपासणी करू, दोन दिवसांत घरी. दुपारी मंदानं ट्रॉली आणली, पाढा सांगितला. घ्यायला भास्करराव स्वतः उभे राहिले.

नाव म्हटलं. वय म्हटलं. तक्रार, औषधं. दिवा थंड होता. त्यांना हायसं वाटलं.

"परत, वॉर्ड तीन."

दिवा लागला.

मंदानं चिठ्ठी पुन्हा वाचली. "तीनच लिहिलंय, काका."

"परत, आयसीयू," भास्करराव म्हणाले.

लालच.

"परत, दुसरं इस्पितळ."

लाल.

त्यांनी ट्रॉलीची दांडी घट्ट धरली. "परत, घरी. अकोट्याला."

दिवा तसाच जळत होता. वायरीचं कापलेलं टोक वाऱ्यावर हलत होतं.

कुसुमावती उताण्या पडून दिव्याकडे बघत होत्या, देवळाचा कळस बघावा तशा. मग त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एक जागा राहिली की म्हणायची."

ती जागा मनात येताच भास्कररावांनी ओठ मिटून घेतले.

दिवा विझला.