मतलई वाऱ्याची सकाळ

मढच्या एका बंगल्यावर शूटिंगवाल्यांच्या धुरानं म्हातारा गुदमरून मेला, असा फोन आला तेव्हा सहायक निरीक्षक शुभा परुळेकर ठाण्यात नुकतीच येऊन टेकली होती. तिनं चहा तसाच ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

बंगला समुद्राला लागून होता. आवाराच्या कडेला रखवालदाराची एक खोली आणि तिला वाळूकडे उघडणारी एकच खिडकी. आत कॉटवर राजाराम सावंत. उमेदीची वर्षं गिरणीत गेली, कापसाच्या धुळीनं फुप्फुसं पोखरली. गेली काही वर्षं ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकात घालूनच तो जगत होता. मशीन अजूनही घरघरत होतं.

त्याची बायको रुक्मिणी उशाशी बसली होती; बंगल्याची राखण आता तीच करायची. ती रडत नव्हती. तिनं थोडक्यात सांगितलं, की उजाडताना युनिटनं वाळूवर धुराचं मशीन लावलं. ती मागच्या नळावर भांडी घासत होती. परत आली तर खोली धुरानं भरलेली, आणि हे गेलेले. मुलगा सुयोग चारकोपच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला तो थेट प्रेतासमोर. त्यानं बाहेर जाऊन धुराचं मशीन चालवणाऱ्या मिथुनची कॉलर धरली होती. लोकांनी सोडवलं म्हणून बरं.

दुपारी वरिष्ठ निरीक्षक हर्षद बेंद्रे आले. धुराचं मशीन सकाळच्याच जागी ठेवून त्यांनी चालू करायला लावलं. पांढरा लोट वाळूवरून सरळ खिडकीत शिरला. आत उभी असलेली शुभा खोकत बाहेर आली. बेंद्रेंना आणखी पुरावा नको होता. संध्याकाळी मिथुन कोठडीत होता.

शुभा त्याच्याशी बोलायला गेली.

"धूर खिडकीत जातोय हे दिसलं नाही तुला?"

"जातच नव्हता, मॅडम. पाण्याकडे पळत होता. डिरेक्टर त्यावरूनच शिव्या घालत होता, फ्रेममध्ये टिकत नाही म्हणून."

"दुपारी तर सरळ आत गेला."

"तेच तर मला कळत नाही ना."

"सकाळी आणखी काय घडलं?"

मिथुननं विचार केला. "काही खास नाही. धुराच्या आधीचा एक टेक कट झाला. कुठूनतरी टीं-टीं वाजत होतं. मला वाटलं, टेम्पो रिव्हर्स घेतोय. मग बंद झालं, नि मी मशीन लावलं."

बेंद्रेंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आत टाकलेला प्रत्येक जण असंच सांगतो. शवविच्छेदनात श्वास कोंडल्याचं आलं होतं. फुप्फुसांची आधीच इतकी दशा होती, की त्यापलीकडे डॉक्टरांना काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शुभा एकटीच मढला गेली. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ. वाळू पायाला गार लागत होती, पण लाटेचं पाणी कोमट. तिनं खिडकीखाली उदबत्ती पेटवली. धुराची रेघ खिडकीकडे पाठ करून समुद्राकडे निघून गेली. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. सूर्य चांगला वर आला, वाळू तापली, वारा पडला. मग उलट्या बाजूनं, पाण्यावरून, पहिली झुळूक आली.

तिथून ती युनिटच्या साउंडवाल्याकडे, निहारकडे गेली. त्याच्याकडे कट झालेला टेक होता. माइक पाण्याच्या कडेला होता, तरी टीं-टीं स्वच्छ ऐकू येत होतं. तिनं ते दोनदा ऐकलं. त्यानंतर तिला वाटलं, इथेच थांबावं. तरीही ती सावंतांच्या खोलीत परत गेली.

सुयोग घरी होता, रुक्मिणीही. तिनं दोघांना बसायला सांगितलं आणि ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग उपसला. टीं-टीं सुरू झालं. रुक्मिणीनं डोळे मिटले.

"शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकले होते," शुभा म्हणाली. "जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाण्याला दोन्हीला वेळ लागतो. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते. रात्री उलटं. जमीन गार पडते, पाणी ऊबदार राहतं, आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. सूर्य वर येईपर्यंत तसाच. साहेबांनी दुपारी पाहिलं ते दुपारचं खरं होतं. त्या सकाळी खोलीत धूर आलाच नाही. उलट खोलीतला आवाज त्याच वाऱ्यावर माइकपर्यंत गेला. धूर सोडण्याच्या आधी."

"लाइट गेली असेल," सुयोग म्हणाला.

"युनिटचे दिवे या खोलीसारखेच बंगल्याच्या मीटरवर होते. ते एकदाही गेले नाहीत. कुणीतरी प्लग काढला. मशीन ओरडायला लागलं तेव्हा त्याचं बटण बंद केलं. सगळं संपल्यावर पुन्हा चालू केलं. तू कारखान्यात होतास, सुयोग."

सुयोगनं आईकडे पाहिलं. "बाबांनीच सांगितलं ना तुला? त्यांना सहन होत नव्हतं. सांग ना यांना तसं."

रुक्मिणीनं मान हलवली. "तेंनी कायएक मागूक नाय. तेंका जगूचा होता." ती शुभाकडे वळली. "मीच दमलंय गो. रात रात तेंचो श्वास मोजीत बसायचा. कितीक वर्सां माका झोप नाय."

"आणि मिथुन?"

"इतक्या लोकांत धूर कोणा एकाच्या नावावर जातलो, ह्या माझ्या मनातच इला नाय. सगळेच धूर म्हणाक लागले, मगे मीय तसाच सांगितलंय."

सुयोग उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या सगळ्या रात्री तो पाळीवर असायचा.

मिथुन संध्याकाळी सुटला. तोवर युनिटनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता.

रुक्मिणीला नेताना सुयोग जीपपर्यंत आला नाही. शुभा तिच्या शेजारी बसली. मढचा रस्ता संपायच्या आत म्हातारीचं डोकं शुभाच्या खांद्यावर कलंडलं. ती गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. ठाण्याच्या दारात गाडी थांबली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. शुभानं त्याला हातानंच इंजिन बंद करायला सांगितलं, आणि दोघं तशीच बसून राहिली.