मागच्या एक्सलचा आवाज

माझ्या धाकट्या बहिणीनं, तुळसानं, जुनी पिकअप घेतली ती माझ्या शब्दावर. मिरकरवाड्याच्या आत्मारामशेटची गाडी, सहा वर्षं मासळी वाहिलेली. पत्रा खाऱ्या पाण्यानं खाल्लेला, पण इंजिन ठणठणीत. पालीला माझं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं गाड्यांखाली झोपणारा भाऊ "घे डोळे झाकून" म्हणाला, तेव्हा तिनं खरोखरच डोळे झाकून घेतली. तिचा नवरा बोटीवर, आठ-आठ महिने घरी नसतो. सोमवारपासून तुळसा मासळी भरून आंबा घाटातून कोल्हापूरला जाणार होती. एकटी.

गुरुवारी ती गॅरेजवर आली.

"दादा, मागच्या एक्सलला आवाज येतो."

"कसला? घरघर की खडखड?"

"नाय. धप्. एकदाच."

मला हसू आलं. एक्सल एकदाच वाजून गप्प बसत नाही. चाक फिरतं तसा त्याचा आवाजही फिरून फिरून येतो. तरी मी गाडी घेऊन निघालो आणि पालीच्या पुढे, चिरेखाणीच्या वळणावर, मागून खरंच एक ठोका आला. पुढे चार किलोमीटर काही नाही. परत येतानाही काही नाही.

घाटात एक्सल तुटलेली एक गाडी मी ओढून आणली होती. तिच्या सीटवरच्या काचा मीच गोळा केल्या होत्या. त्यामुळे हसणं तिथंच संपलं. मी दोन्ही चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली. बेअरिंगवर एकही डाग नव्हता, तरी बदलली. डिफरन्शियलचं ऑइल परातीत काढून त्यात चुंबक फिरवलं. लोखंडाचा चिमूटभर कीस लागला असता तर मी सुखी झालो असतो, पण ऑइल स्वच्छ होतं. कमानपट्ट्यांचे बोल्ट आवळले. पुन्हा चिरेखाण, पुन्हा धप्.

मग हौद्यात मासळीचे रिकामे क्रेट काठोकाठ रचून गाडी नेली. आवाज गायब. क्रेट काढले, आवाज हजर. बोजा पडला की आवाज दबतो, हे मी समजू शकतो. पण रिकाम्या प्लॅस्टिकच्या क्रेटना वजन ते काय असणार? इथून पुढे माझी चीड गेली आणि मला गोडी लागली. जेवताना भाकरी हातात धरून मी एक्सलचाच विचार करत होतो.

आत्मारामशेटला फोन लावला. तो म्हणाला, "आवाज येतो तो येऊ दे. गाडी थांबवू नका, म्हणजे झालं." गाडी गळ्यात मारणारे असंच बोलतात. मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या. त्याच संध्याकाळी केबिनच्या टपाला आतून दोन बोटं जाडीचा फोम चिकटवलेला दिसला. आवाज नीट कळावा म्हणून मी तो खरवडून काढला.

रविवारी दुपारी शेवटचा उपाय. तुळसा चालवणार आणि मी हौद्यात आडवा पडून ऐकणार. लोखंडी सळईचं एक टोक एक्सलच्या वरच्या पत्र्यावर, दुसरं कानाशी. आमच्याकडे हौद्यात बसलेल्या माणसांची पद्धत ठरलेली आहे. केबिनच्या टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एसटीच्या घंटीसारखं. हे तुळसाच्या अंगात इतकं भिनलंय की थाप पडली की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

सळईतून एक्सल छान ऐकू येत होता. एकसारखा, तेलकट आवाज. इतका निरोगी एक्सल मी त्या वर्षात ऐकला नव्हता.

चिरेखाणीचं वळण आलं.

धप्.

सळईत काहीच आलं नाही. आवाज माझ्या डोक्याच्या वर, केबिनच्या टपावर झाला होता.

गाडी थांबली. तुळसानं खिडकीतून विचारलं, "काय झालं रे? कशाला थांबवलंस?"

माझा एक हात सळईवर होता, दुसऱ्यानं मी फाळका धरला होता. थाप मी मारली नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि गाडी मागच्या बाजूनं दोन बोटांइतकी वर आली. हौद्यातून कोणी उतरलं की येते तशी.

भीती वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला मोजायचं होतं. मी मागून खाली उतरलो, टेप काढली आणि चाकाशी उकिडवा बसलो.

मी उतरल्यावर गाडी आणखी वर जायला हवी होती. गेलीही. मी आकडा वाचत असतानाच कमानपट्टे करकरले आणि गाडी खाली बसली. एक बोट. मग आणखी एक. मग आणखी.

धप् धप्.

तुळसानं गिअर टाकला.

मी ओरडलो. धावलो. सपाट रिकामा हौदा घाटाच्या दिशेनं वळणाआड गेला.

मी फोन लावला. तिनं तिसऱ्या रिंगला उचलला.

"तुळसा, गाडी थांबव. मी खाली राहिलोय."



"फोन कशाला करतोस दादा?" ती म्हणाली. "मागनं सांगतोयस ते येतंय की ऐकू. थांबवते घाटात, तू म्हणतोस तिथंच."