पडेल सिनेमांचे शुक्रवार

समिधाला मल्याळम येत नव्हतं, तरी ती मल्याळम सिनेमाला एकटी जाऊन बसली होती. आता याला काय म्हणायचं!

झालं होतं असं, की तिची रूममेट होती बिन्सी, कोट्टयमची नर्स. कुवेतमधल्या कुणा मल्याळी माणसाने सिनेमात पैसे घातले, की त्याची तिकिटं सगळ्या ओळखीपाळखीत फिरतात आणि नाही म्हणायची सोय नसते. बिन्सीने दोन तिकिटं गळ्यात मारली आणि ऐन वेळी तिची ड्यूटी बदलली. ‘खुर्ची रिकामी दिसली तर पैसेवाला अंकल रुसेल,’ म्हणून समिधा एकटीच आली. आणि पडद्यावर खाली अक्षरं उमटली ती फक्त अरबी.

सिनेमा तर असा, की विचारू नका! हिरोचा डावा हात प्लास्टरमध्ये, पुढच्या क्षणी उजवा. होडी बुडाली आणि गाणं संपल्यावर तीच होडी किनाऱ्याला. पोलीस येत होते, चहा पिऊन जात होते. शेजारचा दाट मिशांचा तरुण मात्र सगळे हसले की हसत होता.

“भाईसाब, वो क्या बोला?” तिने हळूच विचारलं.

त्याने पडद्याकडे निरखून पाहिलं, मग वाकून म्हणाला, “बोल रहा है, शादी करूंगा तो इसी से.”

“पर वो तो उसकी बहन थी ना?”

“अभी नहीं है.”

समिधाला इतकं हसू आलं, की मांडीवरचं पॉपकॉर्न सांडलं. “अगं आई गं!”

“अरे! तुम्ही मराठी?” तो चक्क उठून उभाच राहिला. मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा बसला. सलील, नाशिकचा. मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत इंजिनिअर. त्याला तिकीट फोरमनने दिलं होतं.

“मग मल्याळम कसं येतं तुम्हाला?”

“साइटवर सगळे मल्याळीच की,” तो म्हणाला आणि नजर पडद्याकडे वळवली.

त्या दिवसापासून शुक्रवारची दुपार त्यांची झाली. चांगल्या सिनेमाला गर्दी होते, बोलता येत नाही, म्हणून सलील शोधून शोधून पडेल मल्याळम सिनेमे काढायचा. रिकामं थिएटर, एसीचा गारवा, आणि कानाशी त्याचा तो कुजबुजता आवाज… कथेला ना शेंडा ना बुडखा, पण सलील सांगायला लागला की तिला सगळं पटायचं. बाहेर पडलं की हवेत धुळीचा पिवळसर पडदा असायचा, दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसायचे, आणि समिधाला वाटायचं, टॅक्सी आज नाहीच मिळाली तर बरं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तिकडे चिपळूणला आईने मात्र घोडं दामटलं होतं. ईदच्या सुट्टीत समिधा येणार, मुलगा बघायला येणार, मुलगा पुण्याचा, घरचं सगळं उत्तम. समिधा ‘बघू’ म्हणायची. ती सलीलच्या एका शब्दाची वाट बघत होती आणि हा पठ्ठ्या सिनेमाखेरीज कशावर बोलेल तर शपथ!

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात बिन्सीने शेवटी त्यातला एक सिनेमा पाहिला. जेवताना समिधा म्हणाली, “वो खिडकीवाला सीन कितना सुंदर है ना? हीरो बोलता है, घर से इतना दूर आया, लेकिन तू बाजू में बैठी तब लगा, घर पहुँच गया.”

बिन्सीचा घास अडकला. “कौन बोला ऐसा? वो तो कुएँ का मोटर वापस माँग रहा है!”

समिधाने तो सीन पुन्हा आठवून पाहिला. आणि खरंच की, तो हिरो गाव सोडून कुठे गेलाच नव्हता! मग इतक्या लांब आलं होतं कोण? सलील स्वतःचंच सांगत होता! तिला आधी हसू फुटलं आणि पाठोपाठ राग आला. इतके दिवस हा बेधडक थापा मारत होता!

शुक्रवारी ती त्याला थिएटरऐवजी शर्कला घेऊन गेली, मासळीबाजारामागच्या समुद्रकाठी. वारा गार होता, पाण्यावर संध्याकाळ हळूहळू उतरत होती.

“तुला मल्याळम येतं?”

सलीलचे कान लाल झाले. “‘चाया कुडिच्चो’ एवढंच. म्हणजे चहा झाला का.”

“खोटारडा!”

“पहिल्या दिवशी तू विचारलंस… येत नाही म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस.”

“आणि खिडकीचा सीन?”

तो रेलिंगवरचा रंग नखाने खरवडत राहिला.

“सलील, उद्या माझं विमान आहे. परवा आई मुलगा दाखवणार आहे. बोल काहीतरी!”

“सामान किती आहे? सोडायला येऊ का एअरपोर्टला?”

“धन्य आहे तुझी! परक्या माणसाच्या तोंडी एवढं घालतोस, स्वतःच्या तोंडाला काय कुलूप लागलंय?”

वारा तिची ओढणी उडवत होता. सलीलने ती अलगद धरली, सोडली नाही.

“भीती वाटते गं. थापा मारताना नाही वाटली… आईकडे जा, पण त्या मुलाला भेटू नकोस. मला तू हवी आहेस, समिधा. माझं फार प्रेम आहे तुझ्यावर.”

समिधाचे डोळे भरून आले. तिने तिथेच फोन लावला. “आई, पुण्याच्या लोकांना नको म्हणून कळव.”

“अगं बया! का गं? काय सांगू त्यांना?”

तिने फोन स्पीकरवर टाकून सलीलच्या हातात दिला. त्याने उगाचच केस सारखे केले. “नमस्कार काकू. मी सलील, नाशिकचा. इथे रिफायनरीत आहे… मला समिधाशी लग्न करायचंय.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुमची ओळख कुठे झाली?” आईचा आवाज कडक होता.

“सिनेमाला, काकू.”

“चांगला होता का?”

सलीलने समिधाकडे पाहिलं. “एकदम टुकार होता. पण तो संपूच नये असं वाटत होतं मला.”

पलीकडे आई खुदकन हसली. मग तिने चिपळूणच्या घरात मोठ्यांदा हाक मारलेली दोघांनाही ऐकू आली, “अहो, ऐकलंत का? जरा इकडे या बघू!”