आखाजीच्या घागरीनंतरचं चौथं नाव

ज्याला हे खोटं वाटेल त्याने सरळ पुढे जावं. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही. शपथ घेऊन मला काही मिळायचंही नाही.

मी हेमकांत. शहादा तालुक्यातल्या म्हसावदला घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे.

दिवस होता २०२३ ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. वेळ भर दुपारची. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर डोकं फुटेल असं ऊन होतं.

मला एक खोड आहे. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर पळतात ना? तो पडदा मी सजवतो. रंग बदलतो, अक्षरं बदलतो. कंपनीचं चिन्ह काढून आपलं टाकतो. लिनक्स सिस्टिमवर हे सगळं करता येतं.

माझी बायको चेतना म्हणायची, "गिऱ्हाईकले सातबारा पाहिजे. तुन्हा काया पडदा कोन दखस?"

कोणी बघत नव्हतं, खरंय. पण मला आवडायचं.

त्या वर्षी आमच्याकडे नवी घागर होती, वर्षभरात गेलेल्या माणसाची. माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र आदल्या दिवाळीत शहाद्याच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. सव्वीस वर्षांचा होता. माझी सात वर्षांची काजल त्याच्या गळ्यातला ताईत. रोज तो गाडी सुरू करायचा आणि ही चपला घालून ओट्यावर तयार.

आखाजीला आमच्यात गेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. पाण्याने भरलेली घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, समोर आमरस-पुरणपोळी. माय विस्तवात तूप-पोळीच्या घासाची आगारी टाकते आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. संध्याकाळी घागरीचं पाणी निंबाच्या बुडाशी ओतायचं, हात जोडायचे आणि त्यांना रवाना करायचं.

मायने तीन हाका मारल्या. माझे वडील उखा. आजी तापीबाई. तिसरी हाक मारताना तिचा आवाजच फुटेना.

मला ते बघवलं नाही हो. मी दुकानात येऊन बसलो आणि हात चालवत राहिलो. कॉम्प्युटर सुरू होताना तीन नावं दिसतील असं केलं. एका सेकंदाला एक नाव. नावासमोर झेंडूच्या रंगात 'ओके'. म्हणजे आले. त्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नाहीत, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली.

मोठ्या कौतुकाने मायला दाखवलं. मायचा चेहरा उतरला.

"वरीसमा एकदाव बलावतस रे त्यासले. तू रोज बलावशी… मंग वापस कोन धाडी?"

"अवं माय, मशीन शे ते!"

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि आली. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, ही सेटिंग माझीच.

उखा… ओके.

तापीबाई… ओके.

धर्मेंद्र…

काहीच नाही. एक सेकंद लिहिला होता मी. दहा झाले, वीस झाले. धर्मेंद्र जिवंतपणी जेवायला असाच उशिरा यायचा.

मग ओके आलं.

आणि त्याखाली चौथी ओळ आली…

काजल.

स्वच्छ मराठीत. जी अक्षरं त्या पडद्यावर येतच नाहीत, त्या अक्षरांत. समोर ओके नव्हतं. नुसता कर्सर लुकलुकत होता.

मी लगेच फाइल उघडली. आत तीनच नावं. फाइल उडवली, सगळं होतं तसं साधं केलं, पुन्हा सुरू केलं. तीच चार नावं. हार्डडिस्क काढून दुसरी घातली.

तीच चार नावं.

आतून चेतनाची हाक आली. "आहो, काजलले हात लावा जरा…"

पोरगी थंडगार. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन आणि पोरीचे हात माठासारखे. शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, घरी न्या. नॉर्मल! पाणीसुद्धा गिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवर नव्हती.

घरभर हाका मारल्या. ओ नाही. दुकानात आलो तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली.

पायांत चपला.

"काका गाडी सुरू करी ऱ्हायना," ती म्हणाली. "ऐकाले ये ऱ्हायनं ना, पप्पा?"

मला फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज येत होता. मी झेप घेऊन प्लग उपटला.

प्लग माझ्या हातात होता.

पडदा चालूच होता…

चार नावं.

मी धर्मेंद्रच्या नावाने ओरडलो. शिव्या दिल्या. मग त्याच्याच पाया पडलो. भाऊ, पोरगी लहान आहे रे, सोड तिला. काय करू शकत होतो मी? आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले, आणि आपल्या घरातली एक ओळ पुसता येत नव्हती.

आवाज ऐकून माय आली.

"कितला नावे शेतस?"

"चार."

"चौथं कोनं?"

मी काजलकडे बघितलं. तिने काजलच्या चपलांकडे बघितलं. झालं.

माय आत गेली. आखाजीसाठी आणलेली एक जादा घागर कोपऱ्यात तशीच होती. ती भरली. कॉम्प्युटरसमोर ठेवली. वाटीत निखारा आणला, त्यावर तूप सोडलं. नेहमीची पूजा करावी तितक्या शांतपणे.

मग तिने हाक मारली.

"नर्मदा… ये माय, जेवाले ये."

नर्मदाबाई. मायचं स्वतःचं नाव.

जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिचा हात धरायला हवा होता. दोन पावलांवर तर होती.

मी धरला नाही.

पडद्यावरचं 'काजल' मागून पुसलं जायला लागलं. एकेक अक्षर. मग त्याच जागी नवं नाव उमटलं…

नर्मदाबाई.

समोर ओके नव्हतं.

"पप्पा, भूक लागनी," काजल म्हणाली. तिचे हात गरम झाले होते.

आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. मायचं नाव समोर दिसत असताना मला आनंद झाला.

माय अकरा दिवस राहिली. कुरडया केल्या, लोणचं घातलं, काजलच्या वेण्या घातल्या. मी रोज ते नाव पुसायचा प्रयत्न केला. नाही झालं. तिला म्हटलं, माय, काहीतरी उपाय सांग. ती म्हणाली, "राहू दे दादा. धर्मेंद्र तठे एकलाच शे."

अकराव्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. हाक मारली. ओ नाही.

पायांत चपला होत्या. घरात माय कधीच चपला घालायची नाही.

दुकानात बंद कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओके आलं होतं.

त्यानंतर तो कॉम्प्युटर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. मॉनिटर नाही, वायर नाही, काही नाही. फेकून द्यायची हिंमत होत नाही. कोणाच्या हाती लागला तर?

काजल आता ठणठणीत आहे. तिला यातलं काही आठवत नाही.

यंदाच्या आखाजीला आगारी मी टाकली. उखा म्हटलं. तापीबाई म्हटलं. धर्मेंद्र म्हटलं. चौथं नाव ओठांवर आलं…

माळ्यावर कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला.

बारीक आवाज. घरघर, घरघर. काजलने पोळी खाता खाता वर बघितलं.

मी तोंड मिटलं. पंखा थांबला.

चेतना म्हणाली, "मायनं नाव राहिनं ना?" मी मान खाली घातली. संध्याकाळी निंबाखाली पाणी ओतलं, तेव्हाही नाव घेतलं नाही.

माझ्या लेकीच्या जागी गेलेली माय त्या दिवशी उपाशी राहिली. आणि मी पोटभर जेवलो.